बंद गाठ आणि नचिकेताच्या गायी



आजचं वाचन: कठोपनिषद, अध्याय १, वल्ली १, मंत्र ३.

गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. वाजश्रवस यज्ञ करतोय, जवळचं सगळं देऊन टाकायचा यज्ञ. दक्षिणेच्या गायी निघाल्यात आणि लहानगा नचिकेत बाजूला उभा राहून बघतोय. कशा आहेत त्या गायी? पाणी पिऊन झालेल्या, चारा खाऊन झालेल्या, दूध आटलेल्या, पुन्हा न विणाऱ्या. आपण इथून घाईने पुढे जातो, कारण पुढे यम आहे, तीन वर आहेत, आत्मविद्या आहे. मीही इतकी वर्षं या मंत्रावर थांबलो नव्हतो. यंदा थांबलो, त्याला कारण गांधीधाम.

माझी बायको कच्छची. तिचे काका कांडला सेझमध्ये जुन्या कपड्यांचं युनिट चालवतात. आधी त्यांचे वडील बघायचे, आता काका आणि त्यांची दोन मुलं. कांडल्याचा झोन १९६५चा, आशियातला पहिला एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन. अमेरिका, कॅनडा, युरोपात लोकांनी दान केलेले किंवा टाकून दिलेले कपडे कंटेनर भरून इथे येतात. लांब टेबलांवर बायका ते हातांनी निवडतात. शर्ट वेगळे, जीन्स वेगळ्या, मुलांचे कपडे वेगळे, आणि मग प्रत्येकाचा ग्रेड. चांगला माल मुख्यतः आफ्रिकेत जातो. फाटकं सुती कापड कापून कारखान्यांत मशीन पुसायला जातं. लोकरीचं पानिपतला जातं, तिथे ते पिंजून पुन्हा सूत आणि ब्लँकेट होतं. निवडलेला माल प्रेसमध्ये दाबून ४५ ते ५५ किलोच्या गाठी बांधतात, पट्ट्या आवळतात, लेबल लावतात. झालं, गाठ बंद. ती उघडणार थेट समुद्रापलीकडे.

या घराच्या काही रीती मला पहिल्यापासून आवडायच्या. खिशात सापडलेले पैसे वहीत लिहायचे आणि निवडणाऱ्या बायकांच्या औषधपाण्याला ठेवायचे. कुणाचा फोटो निघाला तर तो कचऱ्यात टाकायचा नाही. काकी म्हणतात, "कुणाचं तरी माणूस आहे ते."

तर गेल्या दिवाळीत आम्ही तिकडे होतो. काका म्हणाले, "कुमार, आमचं बारकोडचं जरा बघा ना." मी लॅपटॉप उघडला. दोन दिवसांत लेबलचा घोळ मिटवला आणि जोशात आणखी पुढे गेलो. जुना डेटा काढला, ग्राहकांच्या तक्रारी त्याला जोडल्या आणि छानपैकी चार्ट केला. चार्ट सांगत होता की तक्रार येते ती गाठीत फारच खराब माल निघाला तर. थोडा इकडेतिकडे असला तर कुणी काही बोलत नाही. मी सरळ म्हटलं, "ए ग्रेडच्या प्रत्येक गाठीत ३ किलो बी ग्रेड घातला तरी टॉलरन्समध्ये बसतं. वर्षाचा फरक बघा किती पडतो." मोठ्या मुलाचे डोळे चमकले. माझेही चमकले होते, खोटं कशाला बोलू?

काका काहीच बोलले नाहीत. रात्री जेवणानंतर हिंचक्यावर बसल्यावर त्यांनी एक गोष्ट सांगितली. ती मी त्यांच्या परवानगीने लिहितोय.

बऱ्याच वर्षांपूर्वी ते नैरोबीला गेले होते. तिथे गिकोम्बा नावाचा मोठा बाजार आहे. जुन्या कपड्यांना तिकडे 'मितुम्बा' म्हणतात, म्हणजे मूळ अर्थाने गाठोडीच. छोटे विक्रेते बंद गाठ विकत घेतात, आत काय आहे ते न बघता. पहाटे एक बाई गाठ उघडायला बसली होती. पट्टी कापायच्या आधी तिने डोळे मिटले आणि प्रार्थना केली. काकांनी लेबल पाहिलं. गाठ त्यांचीच होती.

"मला तो महिना आठवला," काका म्हणाले. "पैशांची ओढ होती, मीच मिक्स करायला सांगितलं होतं. वरचा थर चांगला, मधला तसला. ती बाई ओरडली नाही, कुणाला शिवी दिली नाही. एकेक खराब कपडा घडी करून बाजूला ठेवत राहिली. तो ढीग वाढत गेला आणि मी तिथे उभा होतो. मी कोण, ते तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही. तिने तक्रार कुठे करायची? ती तुमच्या चार्टमध्ये नाही, कुमार."

मित्रांनो, रोज कोड लिहिणारा माणूस मी. बग रिपोर्ट आला नाही म्हणजे बग नाही, असं म्हणणाऱ्या ज्युनियरला मीच झापतो. इथे मात्र तीच चूक मी रंगीत चार्ट काढून केली. ज्याचं नुकसान होतं त्याचा आवाज माझ्यापर्यंत पोहोचत नाही, हे मी 'त्याला चालतं' असं वाचलं.

आता या मंत्राकडे परत येऊ. वाजश्रवसाच्या यज्ञात हिशेबाने काय चुकलं होतं? द्यायच्या गायी दिल्या, विधी झाला. आपल्या गाठीचंही वजन बरोबर, सील बरोबर, बारकोड स्कॅन होतो. जे मोजलं जातं ते सगळं खरं आणि जे कुणी बघणार नाही तेवढंच खोटं. उपनिषद म्हणतं, ते बघून त्या मुलात श्रद्धा शिरली. श्रद्धा म्हणजे डोळे मिटून मानणं, असं आपल्याला वाटतं. इथे तर श्रद्धा शिरल्यावर मुलाचे डोळे उघडतात. देणं खरं असलं पाहिजे, हा त्याचा विश्वास आहे, म्हणून खोटं देणं त्याला सहन होत नाही.

कुणी म्हणेल, बाजाराला हे माहीत असतं, धोका भावात धरलेला असतो. हा मुद्दा अगदीच पोकळ नाही. हजारो कपड्यांत निवडणाऱ्याच्या हातून चार सुटणारच, आणि तो धोका दोघांचा. पण मी जाणूनबुजून घातलेले ३ किलो हा धोका नव्हे. तो माझा निर्णय आहे आणि त्याची किंमत तिच्याकडून वसूल होते. शिवाय भावातली सूट मोठ्या आयातदाराला मिळते, पहाटे पट्टी कापणारीला नाही.

काका संत नाहीत. मजुरीवरून त्यांच्या युनिटमध्ये वाद होतात, ते मी पाहिलेत. आणि प्रामाणिक लेबल लावलं की सगळे प्रश्न सुटले असंही नाही. रवांडाने २०१६ मध्ये जुन्या कपड्यांवरचा आयातकर भरमसाट वाढवला, आपल्याकडे कपडे शिवणारे जगावेत म्हणून. चांगली गाठसुद्धा तिथल्या शिंप्याच्या पोटावर येते का, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. पण मोठा प्रश्न सुटेपर्यंत छोटं खोटं चालवून घ्यावं, असंही त्यातून निघत नाही.

आपले तुकोबाराय वाण्याच्या घरातले. त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, अशी परंपरा सांगते. काकांकडे बुडवायला असा कागदच नाही. ते म्हणाले, "ती बाई मागायला येणार नाही, म्हणून ते देणं फिटत नाही. फक्त पुढची गाठ नीट बांधता येते."

पुण्याला परत आलो तर सोसायटीत कपडे जमा करायची मोहीम चालू होती. मी दारात ठेवलेली पिशवी पुन्हा उघडली. चेन तुटलेली जॅकेट, कॉलर पिवळी पडलेले शर्ट, इलॅस्टिक गेलेल्या पँट. पाणी पिऊन झालेल्या गायी! पिशवीवर मीच मार्करने लिहिलं होतं, 'चांगले कपडे'.

दोन चेन बसवून आणल्या. सुती शर्ट फाडून घरात पुसायला घेतले. उरलेलं धुऊन, घडी करून दिलं. पिशवी अर्धी झाली.

आजचा संकल्प: आज जे काही देणार आहात, कपडा, कोड, शब्द, काहीही, ते हातावेगळं करण्याआधी एकदा उघडून बघूया. समोरचा कधीच तक्रार करणार नसेल तर दोनदा.

राम कृष्ण हरी!