दोर, दावें आणि बेडी

पूर्णगडच्या तटावर संध्याकाळीं उभें राहिलें असतां मुचकुंदीच्या मुखाशीं विसावलेले मचवे दृष्टीस पडतात. प्रत्येकाला नांगर आहे, दोर आहे. भरती-ओहोटी त्याला हलविते, पण वाहून नेत नाहीं. गांवांत खालीं उतरावें तों एखाद्या गोठ्यांत वासरूं दाव्याला हिसके देत असतें. दोन्ही बंधनेंच, परंतु मचव्याचा दोर मचव्यासाठीं असतो आणि वासराचें दावें आपल्या दुधासाठीं. बंधन कोणाच्या हिताचें, एवढें विचारलें म्हणजे त्याची जात ओळखतां येते, असें आम्हांस वाटतें. न्यायासनापुढें आणलेल्या मुलाच्या हातांत बेडी असावी काय, या प्रश्नाकडेही आम्ही त्याच दृष्टीनें पाहणार आहों. ती बेडी दोर आहे कीं दावें?

आपल्या कायद्याचें उत्तर संदिग्ध नाहीं. 1980 सालीं प्रेमशंकर शुक्ल यांच्या प्रकरणांत न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं प्रौढ कैद्यालाही सरसकट बेडी घालणें सकृद्दर्शनीं अमानुष ठरविलें. मुलांना निराळें वागवावें हा विचार तर त्याहून जुना. गुन्ह्यांत सांपडलेल्या मुलांसाठीं मुंबईस 1857 सालीं सुधारशाळा निघाली. ती डेव्हिड ससून यांच्या नांवानें प्रसिद्ध आहे. 1924 सालीं मुंबई इलाख्यानें मुलांचा स्वतंत्र कायदा केला. 1986 सालीं पत्रकार शीला बारसे यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें मुलांना तुरुंगांत ठेवूं नये असें बजावलें, आणि त्याच वर्षीं सबंध देशासाठीं बालन्यायाचा कायदा झाला. आज चालूं असलेला कायदा 2015 चा. त्याखालीं केलेले 2016 चे नियम स्पष्टच सांगतात कीं, मुलाला हातकडी, साखळी किंवा कोणतीही बेडी घालूं नये. बाल न्याय मंडळाची खोली कोर्टासारखी दिसूं नये, मंडळानें उंच चौथऱ्यावर बसूं नये, आणि मंडळ व मूल यांच्यामध्यें पिंजरा किंवा गज नसावेत, असेंही त्यांत आहे.

मग वाद उरला कोठें? तो नियमांत नाहीं, वाटेंत आहे. कल्पना करूं कीं, जाळें चोरल्याच्या आरोपावरून पूर्णगडच्या बंदरावरचा पंधरा वर्षांचा एक मुलगा पकडला गेला. चोवीस तासांच्या आंत त्याला रत्नागिरीस मंडळापुढें उभें केलें पाहिजे. बरोबर एकच शिपाई. पावसवरून जाणारी गाडी, पुढें स्टँडवरची गर्दी. आणि मूल निसटलें तर जाब द्यावयाचा त्या शिपायानेंच. अशा वेळीं त्याच्या मनांत बेडीचा विचार आला, तर त्याला क्रूर म्हणण्यास आमची जीभ वळत नाहीं. बेडी नाहीं तर दोरी, दोरी नाहीं तर रुमालाची गांठ, असें मन सहज पुढें जातें. पण येथेंच त्या बंधनाची जात उघडी पडते. तें मुलाच्या क्रौर्यामुळें सुचत नाहीं. दुसरा शिपाई नाहीं म्हणून सुचतें. जो माणूस आपण नेमला नाहीं, त्याचें काम लोखंडाकडून करून घेतलें जातें, आणि त्याची किंमत मूल भरतें. म्हणजे हें दावेंच झालें.

ही किंमत लहान नाहीं. 2015 च्या कायद्याचें पहिलेंच तत्त्व असें कीं, अठरा वर्षांखालील मुलाच्या मनांत दुष्ट हेतु नाहीं असें गृहीत धरावें. बेडी नेमकें याच्या उलट बोलते, आणि साक्षीपुरावा निघण्याच्या आधींच बोलते. न्यायाधीश कितीही निःपक्षपाती असला, तरी बांधलेला हात आणि मोकळा हात त्याच्या डोळ्यांना सारखे दिसत नाहींत. त्याहून अधिक भय आम्हांस मुलाच्या स्वतःच्या डोळ्यांचें वाटतें. प्रौढ मनुष्य आपण कोण हें घेऊन कोर्टांत येतो. मूल तें तेथें शिकतें. बाजारांतून बांधून नेलेल्या मुलाला गांवानें काय पाहिलें हें कळतें, आणि पुढें तें गांवाच्या नजरेला जागूं लागतें.

यावर आक्षेप आहेत, व ते क्षुद्र नाहींत. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर घोर गुन्ह्याचा आरोप असेल, तर प्राथमिक परीक्षेनंतर त्याला प्रौढासारखें चालविण्याची वाट 2015 च्या कायद्यानेंच उघडली आहे. 1 जुलै 2024 पासून अंमलांत आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेनें खून, बलात्कार इत्यादि कांहीं आरोपांत पोलिसांना हातकडी वापरण्याची मुभा दिली आहे. मुलांचा विशेष कायदा इतर कायद्यांना न जुमानतां लागू होतो हें खरें. पण लोकांच्या मनाचा कल कोणीकडे चालला आहे तें यावरून दिसतें. ज्या घरचें माणूस गेलें त्या घराला मुलाचे मोकळे हात सहन होत नाहींत, हेंही आम्ही समजूं शकतों. परंतु त्या दुःखाचें उत्तर निकालानें द्यावयाचें, बेडीनें नव्हे. अमेरिकेंत मुलांना पायांत साखळ्या घालून कोर्टांत आणण्याची रूढि अनेक राज्यांत होती. फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयानें 2009 सालीं नियम करून ती सरसकट चालणारी रीत थांबविली. तेथील तत्त्व साधें आहे: बेडी हा नेम नव्हे, अपवाद, आणि अपवादाचें कारण न्यायाधीशानें सांगितलें पाहिजे.

आमच्याकडे तर अपवादही नियमानें नाकारला आहे. एखादें मूल स्वतःलाच इजा करूं लागलें, तर त्याला आवरावें लागेल. पण तें आवरणें माणसाच्या हातांचें असावें, त्या क्षणापुरतें असावें, आणि मागाहून त्याचा जाब देण्यास कोणी तरी उभें असावें. लोखंड जाब देत नाहीं. राज्य मुलासमोर आईबापांच्या नात्यानें उभें राहूं म्हणतें. तें नातें खरें असेल, तर मंडळाच्या दारापर्यंतच्या वाटेवर त्यानें एक माणूस अधिक द्यावा. आमची मागणी एवढीच, आणि ती खर्चाची आहे हें आम्ही लपवीत नाहीं.