सरकणारं आसन

ध्रुवाख्यान लावलं की श्रोत्यांचे डोळे दोन ठिकाणी हमखास ओले होतात. सावत्र आई सुरुची ध्रुवाला बापाच्या मांडीवर बसू देत नाही तिथं, आणि नारायण अढळपद देतात तिथं. दुसऱ्या ठिकाणी अलीकडे माझीच जीभ अडखळते, आणि त्याला कारण कॅमेरा.

भोरकडे कीर्तनाला जाते तेव्हा झांजांच्या पिशवीशेजारी कॅमेरा, १३५ मिमीची लेन्स आणि कॅमेरा ताऱ्यांबरोबर फिरवणारा छोटा ट्रॅकर असतो. परतताना कात्रजचा जुना घाट. मृगाच्या बाणाखालचा तेजोमेघ टिपायचा तर ट्रॅकरचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर लावावा लागतो. नाहीतर दोन-तीन सेकंदांतच तारे लांबट उमटू लागतात. त्यासाठी ध्रुव दिसायला हवा, आणि आपल्याकडे तो क्षितिजावर जेमतेम साडेअठरा अंश. शिंदेवाडीच्या अंगाला काळोख बरा, पण घाटाच्या कुशीत डोंगरच त्याला झाकतो. बोगदा ओलांडून कात्रजकडे उतरलं की दिसतो, तोही अख्ख्या पुण्याच्या उजेडावर!

बरं, दिसला तरी नेम त्याच्यावर धरायचा नसतो. खरा ध्रुवबिंदू अर्ध्या अंशाहून थोडा जास्तच बाजूला, आणि तिथं काहीच नाही. तो बिंदूही सुमारे २६,००० वर्षांत आभाळात एक फेरी घालतो. पिरॅमिड बांधले जात होते तेव्हा ठुबान ध्रुवतारा होता. १२,००० वर्षांनी अभिजित त्या जागेच्या आसपास असेल. म्हणजे पोर बसल्या जागी आहे, आसनच सरकतंय. मग वर खोटा ठरला का?

भागवताच्या चौथ्या स्कंधात दृष्टान्त आहे: खळ्यातल्या तिवड्याभोवती बैल फिरावेत तसं ज्योतिश्चक्र ध्रुवपदाभोवती फिरतं. पाठोपाठ ते पद कल्पान्तीही टिकेल अशी ग्वाही आहे, तीच आम्ही कीर्तनकार रंगवून सांगतो. तिवडा मागे राहतो. पण तिवडा मळणीपुरताच रोवतात. बैलांच्या हिसक्यानं हलू नये, एवढा घट्ट असला की झालं. देवानं दिलेलं स्थैर्य मला तसलं वाटतं, कामापुरतं आणि कामाला पुरणारं. माझं काम एका मिनिटाचं; तेवढा वेळ तो रिकामा बिंदू हलत नाही. अशा चौकटी एकावर एक रचल्या की डोळ्याला करडा दिसणारा मेघ गुलाबी होऊन येतो. तो मावळतीला टेकला असेल, तर खालचा डोंगर मात्र फराटा होऊन उमटतो.

हे मी आता कीर्तनाच्या उत्तररंगात सांगते. एका बुजुर्ग बुवांना पटलेलं नाही. म्हणाले, "बाई, ध्रुवाचा खुंटा केलात." मी म्हटलं, "बुवा, तो भागवतकारांनीच केलाय."