चहाच्या कपाबरोबरची वाणी



रविवारी वंदना संपली की आपण विहारात चहाला थांबतो. त्या अर्ध्या तासात काय बोलले जात नाही! इतिहास, निवडणूक, गिरण्या, कोणाच्या घरी काय शिजले. कप खाली ठेवण्यापूर्वी प्रत्येक विषयाचा निकाल लागलेला असतो. एकाने तर सांगून टाकले, की धर्मांतर हा बाबासाहेबांचा रागाच्या भरातला निर्णय होता. येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची आणि नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. २१ वर्षे अभ्यास करीत बसणारा राग कोणी पाहिला आहे काय?

'मुसावादा वेरमणी' हे शील आपण रोज म्हणतो आणि समजतो, की खोटे बोललो नाही म्हणजे वाणी शुद्ध झाली. परंतु तथागतांनी सम्यक वाणी सांगताना चार गोष्टी टाळण्यास सांगितल्या. असत्य, चहाडी, कठोर शब्द आणि चौथी वायफळ बडबड. पालीत तिला 'सम्फप्पलाप' म्हणतात. पहिल्या तीन आपल्याला चटकन ओळखू येतात. ही चौथी चहाबरोबर गोड लागते.

मागे एक भगिनी प्रथमच आली होती. घराने नुकतीच दीक्षा घेतलेली. शेजारून सुकटाचा वास आला, तसा आमच्यातला एक जण बोलून गेला, "खरा बौद्ध असलं काही खात नाही." तो तिला उद्देशून बोललाच नव्हता. ती पुढचे दोन रविवार आली नाही. वास्तविक, आपल्यासाठी प्राणी मारल्याचे पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली तर ते मांस घेऊ नये, एवढेच जीवक सुत्तात भिक्षूंनादेखील सांगितलेले आहे. त्या बाईच्या चुलीचा न्याय करायला आम्हाला कोणी बसवले होते?

हे दुसऱ्याचे झाले. आता माझे सांगतो, ते अधिक वाईट आहे.

१९८२ च्या गिरणी संपावर बोलणे चालले होते. मी म्हणालो, "आपल्या लोकांनी विणकामाचं कसब शिकून घेतलं नाही, म्हणून गिरणीत असूनही मागं राहिले." चारपाच माना डोलल्या. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, वर शाळेत शिकवतो. माझे म्हणणे कोण तपासणार? कालामांना केसपुत्त येथे भगवंतांनी नेमके हेच बजावले होते, की अमुक आपला गुरू आहे एवढ्यावरून काही मान्य करू नका. ते सुत्त मी मुलांना समजावून सांगतो, हे लिहिताना लाज वाटते.

कोपऱ्यात बसलेले एक वृद्ध उपासक हलकेच म्हणाले, "गुरुजी, माझा बाप रिंगखात्यात होता. साचेखात्यात त्याला पाय ठेवू दिला नाही. धोट्यात नवी कांडी घातली की सूत तोंडानं ओढून बाहेर काढायचं असतं. आपल्या माणसाचं तोंड लागलेला धोटा दुसरा कोण तोंडाला लावणार? कसब शिकायचं तरी कुठं?"

मी खोटे बोललो नव्हतो. मला तसे खरेच वाटत होते. पण माझ्या त्या एका वाक्याने, ज्याला दाराबाहेर ठेवले होते त्यालाच मी आळशी ठरवले, आणि तेही त्याच्या मुलासमोर. घरी येऊन बाबासाहेबांचे फेब्रुवारी १९३८ चे मनमाडचे भाषण काढले. अस्पृश्य रेल्वे कामगारांपुढे त्यांनी हीच गोष्ट मांडली आहे. मुंबई आणि अहमदाबादच्या गिरण्यांत आपल्या लोकांना विणकाम खाते बंद आहे, कमी पगाराचे सूतकताई खाते तेवढे उघडे आहे. पुस्तक माझ्याच कपाटात होते!

मी बाबांकडे जाऊन क्षमा मागितली. ते हसले आणि म्हणाले, "सगळ्यांसमोर बोलला होता ना, मग सगळ्यांसमोरच सांगा." येत्या रविवारी वंदनेनंतर ते भाषण वाचायचे ठरले आहे. धोटा कसा भरतात ते बाबा दाखवणार आहेत. त्या भगिनीच्या घरीही निरोप दिला आहे. तिने येते म्हणून कळवले आहे.