ढेकूण, दुलई आणि दुसऱ्याचे हात

होळी झाली की आमच्या चिक्कडपल्लीतल्या गच्च्या भरून जातात. गाद्या, उशा, दुलया, सोलापुरी चादरी, सगळं उन्हात. थंडीचं अंथरूण आवरून उन्हाळ्याचं बाहेर काढायचं, ही घरातल्या बाईची दरवर्षीची दोन दिवसांची कामगिरी. दुलईच्या जागी मलमलची दोहर येते. जाड चादर जाऊन धुवून धुवून मऊ झालेली सुती चादर येते. फोमची गादी हैदराबादच्या मे महिन्यात अंगाची ऊब धरून ठेवते, म्हणून तिच्यावर चटई घालायची, नाहीतर सरळ कापसाची पातळ गादी जमिनीवर टाकायची. चकचकीत टेरीकॉटच्या चादरी मात्र कोणी भेट दिल्या तरी या दिवसांत अंथरू नयेत. घाम टिपत नाहीत, रात्रभर अंगाला चिकटतात.

इथवर काही प्रश्न नाही. गादीच्या शिवणीत ढेकूण दिसला की मग प्रश्न सुरू होतो.

आमच्या भागात तो दिसतोच. शेजारी अशोकनगर. सरकारी नोकरीच्या परीक्षांचे क्लास, सिटी सेंट्रल लायब्ररीत दिवसभर बसणारी मुलं, आणि त्यांची दाटीवाटीची होस्टेलं. एक बॅग, एक पातळ गादी घेऊन मुलं खोल्या बदलतात आणि ढेकूण त्यांच्याबरोबर बदली होऊन जातो. त्यात त्या मुलांचा दोष नाही. ढेकूण म्हणजे घाणीचा पुरावा, असं आपण उगीच समजतो. तो रेल्वेच्या बर्थवरून येतो, सिनेमाच्या खुर्चीवरून येतो, लग्नाहून परतलेल्या सूटकेसमधूनही येतो. काही न खाता महिनोन् महिने दबा धरून राहू शकतो.

आता आपल्यासारख्या घरांत काय होतं ते सांगते. "आम्ही मारत नाही," असं म्हणायचं आणि फवारणीवाल्याला फोन लावायचा. तो येण्याआधी मुलांना घेऊन नातेवाइकांकडे जायचं. किंवा कामाला येणाऱ्या बाईंना म्हणायचं, "तुम्ही बघा काय ते." त्या बिचाऱ्या 'नल्ली, नल्ली' करत उकळतं पाणी ओततात, आपण स्वयंपाकघरात उभ्या. संध्याकाळी मंदिरात जाताना आपले हात कोरडे. मला हे पटत नाही.

तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात याचा हिशोबच मांडला आहे. संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन. मन, वचन, काया ही तीन. कृत, कारित, अनुमत हे तीन. आणि क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय. गुणाकार करा: १०८. जपमाळेच्या मण्यांची संख्या याच्याशी जोडून आपण लहानपणी ऐकली आहे. मणी ओढताना बोटांना सवय होते, पण त्यातल्या 'कारित'पाशी थांबतो का आपण? कारित म्हणजे दुसऱ्याकडून करवून घेतलेलं. ज्या बाईंनी पाणी ओतलं त्यांचं ते कृत असेल, पण आपलं कारित कोरं राहत नाही.

कोणी म्हणेल, गृहस्थाला घरकामातली आरंभी हिंसा टळत नाही, आणि चावणाऱ्याला हटवणं ही तर विरोधी हिंसा. गृहस्थाने सोडायची ती संकल्पी. बरोबर. तान्ह्या बाळाचं अंग रात्रीत लाल होतं, म्हाताऱ्या माणसाची झोप जाते, अशा घरात फवारणी करू नका असं मी कुणाला सांगणार नाही. पण ठरवायचं असेल तर घरातल्यांनी बसून ठरवावं, निर्णय आपला म्हणावा, त्या दिवशी घर सोडावंच लागलं तर त्या निर्णयासकट सोडावं. आणि ढेकणांची गादी 'घेऊन जा हो तुम्हाला' म्हणून कामाच्या बाईंना देऊन टाकणं, याला तर दान हा शब्द लावूच नये. त्यांच्या घरातही लेकरं झोपतात.

कुंदकुंदाचार्यांच्या प्रवचनसारात सांगितलं आहे की जीव मरो अथवा न मरो, बेफिकिरीने वागणाऱ्याला हिंसा लागतेच. म्हणून माझ्या मते विचाराची वेळ ढेकूण झाल्यावरची नाही, त्याच्या आधीची. मुनिमहाराज जमिनीवर किंवा फळीवर पहुडण्याआधी पिंछीने जागा हलकेच झाडून घेतात. आपल्याला एवढं नाही जमलं तरी आठवड्यातून एकदा गादीच्या शिवणी, पलंगाच्या सांधी बघता येतात. प्रवासाची बॅग पलंगावर ठेवू नये. फाटलेली शिवण लगेच घालावी. कापसाची गादी काही वर्षांनी उसवून पुन्हा पिंजून घ्यावी. गल्लीत धनुकली वाजवत येणारे पिंजारी आता दिसत नाहीत, यंत्रावर पिंजून देणारी दुकानं मात्र आहेत. ऊन द्यायचं ते फाल्गुनातच, दमटपणा जावा म्हणून, जीव व्हायच्या आधी. ढेकूण झाल्यावर त्यांना भाजायला गादी तापवली तर ते ऊन वेगळं. शिवाय तेही पुरत नाही: ४५-५० अंशांच्या पुढची उष्णता गादीच्या पोटापर्यंत पोचावी लागते, आणि वरची बाजू तापली की ढेकूण खालच्या गार बाजूला सरकतो.

हाच 'कारित' ट्रंकेतल्या रेशमी दुलईलाही लागू पडतो. तुतीच्या रेशमाचा धागा अखंड मिळावा म्हणून कोषातला जीव वाफेने किंवा उकळत्या पाण्यात मारतात. आपल्याच हैदराबादेत, हातमागाच्या सरकारी सहकारी संस्थेत नोकरी करणाऱ्या कुसुमा राजय्यांनी पतंग बाहेर पडू देऊन उरलेल्या कोषांचा धागा कातला आणि अहिंसा रेशीम विणलं. राष्ट्रपती आर. वेंकटरमण यांच्या पत्नी जानकीबाईंनी जीव न मारता विणलेली साडी मिळेल का असं विचारलं होतं, त्यातून त्यांना ही दिशा मिळाली. कापड कमी चमकदार, आणि महाग. तिथेही प्रश्न संपत नाही. पाळीव तुतीचा पतंग उडूच शकत नाही, अंडी घालून थोड्या दिवसांत मरतो, आणि त्या सगळ्या अंड्यांतल्या अळ्यांना पाला कोण घालणार?

माझ्या लग्नातली रेशमी दुलई या फाल्गुनातही मी गच्चीवर टाकली. नवी रेशमी घ्यायची नाही हे आमच्या घरात ठरलेलं आहे. सून विचारते, "आई, मग जुनी पांघरणं हे अनुमत नाही का?" विकली तर दुसरं कोणी पांघरणार, फेकली तर त्या हजारो जिवांचं वाया जाणं आणखी वाढणार. तिच्याशी माझा वाद अजून चालू आहे. तोवर दुलई कडुलिंबाचा पाला घालून ट्रंकेत गेली आहे, आणि पुढच्या थंडीसाठी एक कापसाची शिवायला टाकली आहे.