पर्यवेक्षक नसताना

2020 साली, करोनाच्या साथीत, भोपाळच्या बरकतउल्ला विद्यापीठातील शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी परीक्षेचे पेपर घरी बसून लिहिले. पुस्तक उघडण्याची मुभा होती. दुसऱ्याकडून उत्तरे लिहवून घेण्याची नव्हती. पण घरात पर्यवेक्षक कोठला? अशा वेळी ताईने भावाचा पेपर लिहून दिला, तर ते प्रेम की लबाडी? प्रेमच, असे पुष्कळांना वाटेल. परंतु त्याने भावाचे अज्ञान झाकले, घालवले नाही. आणि स्वतः कष्टाने लिहिणाऱ्यावर अन्याय झाला. धन्याच्या नजरेपुरती चाकरी पौलाने कलस्सैकरांस निषिद्ध सांगितली आहे. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, येत्या रविवारी मुलांना पाठांतराची परीक्षा देऊन थोडा वेळ वर्गाबाहेर जा. उत्तरे त्यांची त्यांनाच तपासू द्या. विश्वास टाकल्यावाचून विश्वासूपणा शिकवता येत नाही.