दुसरा मार्गच नसताना

मामांनी व्हॉट्सॲपवर माहितीपत्रकाचे फोटो पाठवले तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. सहा पानं, सगळी तिरकी काढलेली, एकावर चहाच्या कपाचा गोल. खाली एकच ओळ : "तू इंजिनिअर आहेस. वाचून सांग."

माझा मामेभाऊ त्याआधी दोन वर्षांपूर्वी मोटरसायकलवरून पडला. मज्जारज्जूला इजा झाली, कमरेखाली संवेदना नाही. वय चोवीस. पत्रकात म्हटलं होतं, की त्याच्याच अस्थिमज्जेतून काढलेल्या स्टेम सेल्स 'बायोकंपॅटिबल नॅनो-स्कॅफोल्ड'वर बसवून इजेच्या जागी ठेवल्या जातील. खर्च नऊ लाख. मी पेमेंट गेटवेमधल्या चुका शोधून पोट भरतो. पण आमच्या घरात इंजिनिअर म्हणजे टीव्हीच्या रिमोटपासून मज्जारज्जूपर्यंत सगळ्यातलं कळणारा माणूस.

महिनाभर वाचत बसलो. स्कॅफोल्ड म्हणजे इमारत बांधताना उभारतात ती परांची, हे तर नावातच आहे. शरीरातल्या बहुतेक पेशी सुट्या तरंगत जगत नाहीत, त्यांना धरायला काहीतरी लागतं. त्यांच्याभोवती कोलॅजेनसारख्या तंतूंचं जाळं असतं, आणि त्या तंतूंची जाडी काही दहा ते काही शे नॅनोमीटर. पेशी स्वतः त्याच्या कितीतरी पट मोठी, दहा-वीस मायक्रॉनची. म्हणजे पेशी भिंतीला टेकून बसत नाही, कोळ्यासारखी जाळ्यावर पसरते. म्हणून प्रयोगशाळेत प्रचंड विद्युतदाब वापरून पॉलिमरचे तितकेच बारीक धागे ओढतात आणि त्यांची चटई करतात. पेशी ती पकडतात, पसरतात, वाढतात. यात थोतांड काही नाही. मला हे सगळं फार आवडलं, हेही कबूल करतो. एकदोन रात्री मी भावाला विसरून नुसता वाचत होतो.

अडलो ते 'बायोकंपॅटिबल' या शब्दापाशी. मला वाटायचं, हा 'वॉटरप्रूफ'सारखा शब्द असणार : एकदा तपासलं, शिक्का मारला, झालं. पण या क्षेत्रात १९८७पासून सर्वाधिक वापरली जाणारी व्याख्या वेगळंच सांगते. एखाद्या विशिष्ट उपयोगात, शरीराकडून योग्य तो प्रतिसाद मिळवत काम करण्याची पदार्थाची क्षमता, असा तिचा आशय. म्हणजे हा गुण त्या पदार्थाच्या एकट्याच्या अंगी नसतोच. हाडात चालणारी वस्तू रक्तवाहिनीत चालेलच असं नाही. आमच्या धंद्यात कोणी नुसतं 'कंपॅटिबल आहे' म्हटलं, की पहिला प्रश्न येतो, "कशाशी? कुठल्या व्हर्जनशी?" मामांच्या पत्रकात हा शब्द अकरा वेळा होता आणि एकदाही त्यापुढे 'कशाशी' नव्हतं.

या 'कशाशी'चं उत्तर न शोधता पुढे गेलं तर काय होतं, याचं उदाहरण स्वीडनमध्ये सापडलं. जून २०११मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का विद्यापीठ रुग्णालयात अँडेमारियम बेयेने या तरुणाला कृत्रिम श्वासनलिका बसवण्यात आली. तो मूळचा एरिट्रियाचा, आइसलँडमध्ये शिकत होता आणि त्याच्या श्वासनलिकेत गाठ होती. नळी नॅनोकंपोझिट पॉलिमरची होती, लंडनमध्ये बनवलेली. तिच्यावर त्याच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी सोडून ती छत्तीस तास बायोरिॲक्टरमध्ये फिरवली आणि बसवली. सर्जन होते पाओलो माकियारिनी. त्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये पेपर आला, जगभर बातम्या झाल्या. बेयेने जानेवारी २०१४मध्ये वारला. कॅरोलिन्स्कात अशी नळी बसवलेले तिन्ही रुग्ण पुढे दगावले.

पेशींना रक्तपुरवठा लागतो. रक्तकेशिकेपासून एक-दोनशे मायक्रॉनपलीकडे प्राणवायू नीट पोचत नाही. प्लास्टिकच्या नळीला रक्तवाहिन्या कुठून येणार, हा प्रश्न मलाही पडला, तर तिथल्या लोकांना नक्कीच पडू शकला असता. प्राण्यांवर पुरेशा चाचण्या आधी झालेल्याच नव्हत्या. चार सहकारी डॉक्टरांनी २०१४मध्ये तक्रार केली, तर सुरुवातीला त्यांनाच त्रास झाला. २०१८च्या निर्णयात त्यांच्यातल्या काहींवरही सहलेखक म्हणून ठपका आला. (हे वाचल्यावर मी न वाचता 'अप्रूव्ह' केलेले कोड रिव्ह्यू आठवले. असो.) 'लॅन्सेट'ने तो पेपर २०१८मध्ये मागे घेतला आणि २०२३मध्ये अपील न्यायालयाने माकियारिनींना अडीच वर्षांची शिक्षा सुनावली.

त्याच स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क यांना १९५०च्या दशकात सशांच्या हाडात बसवलेलं टायटॅनियम हाडाशी एकजीव झालेलं आढळलं होतं. माणसाच्या जबड्यात त्यांनी ते १९६५मध्ये बसवलं. मधली दहाहून अधिक वर्षं 'कशाशी' याचं उत्तर शोधण्यात गेली.

बचाव मात्र सोपा आहे आणि मला तो पटकन झटकता येत नाही : रुग्ण मरणारच होता, दुसरा मार्ग नव्हता, त्याने संमती दिली होती. प्रत्येक उपचाराचा कोणीतरी पहिला रुग्ण असतोच. हेलसिंकीच्या जाहीरनाम्यातही, सिद्ध उपाय उरलेले नसताना, तज्ज्ञांचा सल्ला आणि रुग्णाची संमती घेऊन न आजमावलेला उपचार करायला जागा आहे. मग ज्याचा जीव आहे त्याला धोका पत्करू द्यायला आपण कोण अडवणार?

यावर मला सुचलेलं एवढंच. धोका पत्करायचा तर आधी कोणीतरी तो मोजायचा प्रयत्न केलेला असावा लागतो. काही गोष्टी कितीही शोधल्या तरी पहिल्या माणसावर करून पाहिल्याशिवाय कळत नाहीत. त्या अज्ञानाला माणूस संमती देऊ शकतो. पण जे सशावर, डुकरावर पाहून कळलं असतं आणि घाई किंवा कीर्तीपायी पाहिलंच नाही, ते अज्ञान रुग्णाच्या सहीखाली सरकवणं ही संमती नव्हे. त्याला वाटतं, आपण निसर्गाशी पैज लावतोय. खरं तर तो दुसऱ्याचा गृहपाठ स्वतःच्या अंगावर करत असतो. आणि 'दुसरा मार्ग नाही' हे वाक्य कोणाच्या तोंडून आलं, हेही पाहावं लागतं. पहिले दोन रुग्ण त्या शस्त्रक्रियेविनाही बराच काळ जगू शकले असते, असं अपील न्यायालयाने म्हटलं.

आपल्याकडे आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताचे वगैरे ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेल्सचा वापर फक्त मान्यताप्राप्त क्लिनिकल ट्रायलमध्येच करता येतो. पत्रकात ट्रायलचा नोंदणी क्रमांक नव्हता. मी फोन करून विचारला, तर पलीकडची बाई म्हणाली, "सर, पेशंटच्याच पेशी आहेत, साइड इफेक्ट कसा होईल?"

मामांना मी हे सगळं सांगितलं. वीसेक मिनिटं बोललो असेन. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "बरं. मग दुसरं काय करू, ते सांग."

माझ्याकडे काहीच नव्हतं. नाही म्हणायला मला एक पैसाही पडला नव्हता आणि मी तेव्हा दोन पायांवर गॅलरीत फेऱ्या मारत बोलत होतो. माझा युक्तिवाद अजूनही मला बरोबर वाटतो. पण त्या फोनवर त्याचं वजन किती होतं, ते मला माहीत आहे.

मामांनी ते केलं नाही. पैशातून न्हाणीघर मोठं केलं, उतार बांधून घेतला, थोडे फिजिओथेरपीला गेले. दिवाळीत गेलो तेव्हा मी भावाला हे सगळं पहिल्यांदा सांगायला घेतलं आणि अर्ध्यात लक्षात आलं, की महिनाभर मी संमतीवर वाचत होतो, मामांशी बोलत होतो, त्या क्लिनिकशीही बोललो; याला विचारलंच नव्हतं.

तो म्हणाला, "पत्रक मी तुझ्याआधी वाचलं होतं. बाबांना मीच दिलं."

"मग तू काय केलं असतंस?"

"हो म्हटलं असतं," तो म्हणाला. "पण त्या वर्षी मी कशालाही हो म्हटलं असतं."

आता कधीमधी तो मला एखाद्या पेपरची लिंक पाठवतो, सोबत काही न लिहिता. मी उघडून आधी पाहतो : कोणता प्राणी, किती, किती दिवस. बहुतेकदा उंदीर असतात. तेवढंच त्याला लिहून पाठवतो.