दयेची दाद

गेल्या हिवाळ्यातील एका रविवारी, दिवेलागणीच्या सुमारास, दिल्लीतील एका मराठी मंडळात फारसे नाव न झालेल्या एका गायिकेचे गाणे ऐकण्याचा योग आला. श्रोते मोजून २३, त्यांतही चौघे कार्यकारिणीचे. आदल्याच महिन्यात एका नामांकित गवयाच्या मैफलीचा फुकट पास मिळावा म्हणून आमच्या कचेरीतील निम्मी मराठी मंडळी ओळखीपाळखी धुंडाळीत होती (मीही त्यांतलाच). हे आठवून मला रिकाम्या खुर्च्यांकडे पाहवेना.

बाईंनी पूरिया आरंभिला. मंद्र सप्तकातील निषादावर त्या अशा काही स्थिरावल्या, की षड्जाची वाट पाहणे हेच सुख वाटू लागले. विलंबित ख्याल खरोखर उत्तम झाला. द्रुत बंदिशीत मात्र ताना विसकटल्या, लयही एकदोनदा सुटली. तरीही मी सर्वांपेक्षा मोठ्याने ‘वाहवा’ म्हणत राहिलो. गाणे संपल्यावर त्यांनी साधेपणाने विचारले, “द्रुत कशी वाटली?” मी म्हणालो, “फार छान.” त्या किंचित हसल्या. ते हसू मला अद्याप सोडीत नाही. अप्रसिद्ध कलावंताला आधार देताना आपण त्याला नेमके देतो तरी काय?

आजचा अप्रसिद्ध उद्या थोर ठरेल, म्हणून त्याला आधार द्यावा, असे आपण म्हणतो. मल्लिकार्जुन मन्सूरांचे उदाहरण हाताशी असतेच. १९१० साली जन्मलेल्या या गायकाला पद्मश्री मिळाली १९७० साली, आणि व्यापक कीर्ती लाभली ती उतारवयातच. उदाहरण खरे, युक्तिवाद मात्र सोडतीच्या तिकिटाचा आहे. बहुतेक गाणारे मन्सूर होणार नाहीत. मग त्यांना ऐकायचेच नाही काय? त्या संध्याकाळचा निषाद त्या संध्याकाळीच पूर्ण होता. त्याला भविष्याची हमी लागत नव्हती.

अल्लादियाखाँना कोल्हापुरात शाहू महाराजांचा आश्रय होता. ते दरबार गेले. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली थेट लाहोरास जाऊन गांधर्व महाविद्यालय काढले, ते राजाच्या नव्हे, सामान्य लोकांच्या बळावर. म्हणजे आश्रयदाते आता आपणच. बदलीच्या गावी भाड्याच्या बिऱ्हाडात राहणारे, महिनाअखेरीस तिकिटाचे पैसे मोजून पाहणारे. पण आश्रय हा शब्दच घातक असावा. तो उच्चारताच आपण उंचावर बसतो आणि तिथून दया करू लागतो.

त्या नामांकित गवयाची लय सुटली असती, तर मी बाहेर चहाच्या टपरीवर तासभर तिची चिकित्सा केली असती. ती चिकित्सा हाही एक मानच. बाईंना मी तो नाकारला. त्यांच्या निषादाची थोरवीही माझ्या सरसकट वाहवेत बुडाली, कारण जो सगळ्यालाच मान डोलावतो, त्याच्या डोलण्यावरून काय ओळखावे?

शेवटी गेल्या महिन्यात मी त्यांना पत्र लिहिले. जन्म मसुदे करण्यात गेला, तरी तीनदा फाडले. आधी निषादाविषयी लिहिले, मग लयीविषयी. उत्तर आलेले नाही. येत्या हिवाळ्यात त्या पुन्हा आल्या, तर तिकीट काढून पुढच्या रांगेत बसण्याचा बेत आहे. त्या माझ्याकडे पाहतील की नाही, हे मात्र सांगता येत नाही.